मन्याराचं घर

देगलूरच्या आमच्या घरात आजीच्या तोंडून 'रझाकाराचा काळ' निघाला, की पाठोपाठ पेव यायचं. रातोरात गाव सोडलं, जवारीनं भरलेलं पेव तसंच राहिलं, परतून पाहिलं तर तळाशी नुसता भुस्सा. या गोष्टीत शेजारचा मुसलमान बांगडीवाला, मन्यारही असायचा. जाताना म्हशीचं दावं आजीनं त्याच्याच हाती दिलं होतं. "मग म्हैस मिळाली का?" मी विचारायचो. "म्हैस होती. मन्यार नव्हता."

पेवाबद्दल मी शंभरदा विचारलं. मन्याराबद्दल नाही.

त्या वयात चांगलं पुस्तक म्हणजे आपल्या बाजूचं पुस्तक. हैदराबाद मुक्तिलढ्यावर लिहिणारे अनंत भालेराव, स्वामी रामानंद तीर्थ, नरहर कुरुंदकर झपाटून वाचले. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांनी मारलेले गोविंदराव पानसरे शेजारच्या बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरचे हुतात्मे, म्हणजे घरचेच वाटायचे. ते वाचन वाया गेलं नाही. रझाकारांचा जुलूम ज्याला ठाऊक नाही, त्याला पुढचं काहीच कळणार नाही. पण १७ सप्टेंबर १९४८ आला, निजाम भारतीय फौजेला शरण आला, की मी पुस्तक मिटायचो.

पुढची पानं फार उशिरा हाती आली. 'पोलीस ॲक्शन' म्हटल्या गेलेल्या त्या लष्करी कारवाईनंतर भारत सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार यांना तिथल्या हिंसाचाराच्या पाहणीसाठी पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ ते हैदराबाद संस्थानात फिरले. त्यांचा अहवाल सरकारनं छापला नाही, ए. जी. नूरानी यांनी २०१३ साली हैदराबादवरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात तो दिला. संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज त्यात आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच किमान १८ हजार. लातुरात मुसलमानांची कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. आमच्या जिल्ह्याचं, नांदेडचं नाव मी तिथं तीनदा वाचलं.

त्याच अहवालात विणकरांबद्दल चार ओळी आहेत. मुसलमान विणकरांना वाचवायला काही ठिकाणी हिंदू विणकर हिंदूंच्याच आडवे उभे राहिले, त्यात जीवही गेले. आकड्यांपेक्षा या ओळींनी मला जास्त हलवलं.

सुंदरलाल फिरत होते त्याच दिवसांत, ९ डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर केला. त्यासाठीचा 'जेनोसाइड' हा शब्द राफाएल लेम्किन यांनी १९४४ साली घडवलेला. आपल्याकडे घडलं ते त्या व्याख्येत बसतं का? मला तसं वाटत नाही. सूड, लूट, जमिनीची हाव यांचं मिश्रण गावागणिक वेगळं होतं. पण नाव ठरवण्याच्या वादात मेलेली माणसं मोजायचीच राहतात, याची चीड येते.

प्रिमो लेव्ही यांचं नाझी छळछावणीवरचं पुस्तक १९४७ साली एका छोट्या प्रकाशकानं काढलं, ते फारसं कुणी घेतलंही नाही. त्यात भाकरी, बूट, सूप यांचा हिशेब आहे. तसा हिशेब आपल्याकडे पेवाचाही हवा आणि बांगड्यांच्या दुकानाचाही. म्हणून आता या विषयावरचं पुस्तक हाती आलं, की मी आधी १८ सप्टेंबरनंतरची पानं काढतो. जे पोलीस ॲक्शनच्या पहिल्या दिवशी, १३ सप्टेंबरलाच सुरू होतं आणि आजीची पळापळ गाळतं, तेही खाली ठेवतो.

मन्यार नव्हता, तर म्हशीला दोन वेळचं वैरण-पाणी कोणी केलं, हे मी आजीला कधी विचारलं नाही.