'ळ' म्हणून दाखव

गॅलरीतून खाली पाहिलं, तर माझ्या मुलाने तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा कान धरला होता. दोघंही दहा वर्षांचे. भोवती बिल्डिंगमधली आणखी तीन-चार पोरं. "कमळ म्हण. कमल नाही, कमळ." तो पुन्हा 'कमल' म्हणाला, पोरं हसली. मग माझा मुलगा म्हणाला, "एकदा सांगून कळत नाही का रे तुला?"

ते वाक्य माझं आहे. शब्द माझे, 'रे'वरचा जोर माझा, कान पिळायची रीतही माझीच. चर्चगेटपासून उभ्याने येऊन मीरा रोडला उतरतो, घरी आल्यावर त्याचे पाढे घेतो, आणि सतराच्या पाढ्यावर तो अडला की माझ्या तोंडून हेच निघायचं. शाळेत कुणी त्याच्यावर हात उगारला असता, तर मी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभा राहिलो असतो. ते कलम शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला मनाई करतं. माझ्या घरात तेच रोज रात्री चालायचं आणि मी त्याला अभ्यास म्हणायचो.

ते दिवस 2025 च्या जुलैचे. जूनच्या शेवटी मीरा रोडला मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, तिचा व्हिडिओ देशभर फिरला. 3 जुलैला व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, 8 जुलैला मराठीसाठी मोर्चा निघाला. मोर्चात मी होतो आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. आपल्या गावात आपली भाषा मागे पडताना पाहून जीव तुटतो. लाज वाटते ती त्याआधीच्या एका रात्रीची. जेवताना मी तो व्हिडिओ लावला, दोनदा पाहिला, हसलो आणि सोसायटीच्या ग्रुपवर पाठवून दिला. मुलगा शेजारी भात कालवत होता.

त्या मुलाचा कान धरलेला पाहून मी त्याला खालून वर आणलं, ओरडलो, हातही उचलला. तो रडत म्हणाला, "तूच तर हसला होतास ना, बाबा." हात तिथेच थांबला.

नॉर्वेत दादागिरीचा अभ्यास करण्यात हयात घालवलेल्या डॅन ऑल्वेयस यांनी मुलांमधल्या आक्रमकतेची मुळं घरात शोधली होती. सांभाळणाऱ्याच्या वागण्यातला कोरडेपणा, मुलाचा दांडगेपणा खपवून घेणं, आणि मारून-धमकावून लावलेली शिस्त, या गोष्टी त्यांनी मांडल्या. पहिली माझ्याबाबतीत किती खरी, हे माझ्या मुलालाच विचारावं लागेल. तिसरी कबूल केलीच आहे. मला खरी टोचते ती मधली. मागच्या वर्षी वर्गातल्या एका मुलाचा डबा हा रोज हिसकावून घेतो, अशी तक्रार आली होती. बायको म्हणाली, शांतपणे बसून बोलू त्याच्याशी. मी म्हणालो, "मुलगा आहे, चालायचंच. मार खाऊन घरी आला नाही ना?" ते बोलताना माझ्या मनात अभिमान होता. त्याने तो अचूक ओळखला असणार. मुलांना आपले उपदेश ऐकू येवोत न येवोत, आपल्याला कशाचा आनंद होतो ते मात्र त्यांना नेमकं कळतं.

आणि तो दुसरा मुलगा. त्याचे वडील भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, उत्तर प्रदेशातले. राज्यात 2020 च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे तो पोरगा शाळेत मराठी शिकतोच आहे. त्याच्या घरच्या बोलीत 'ळ' नाही, म्हणून जीभ वळत नाही, एवढंच. मराठी जगावी म्हणून मी रस्त्यावर उतरलो, आणि मराठी शिकू पाहणाऱ्या एका मुलाचा कान माझ्याच घरातून पिळला गेला.

दोन दिवसांनी मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेलो. आदल्या रात्री ग्रुपवरचा तो व्हिडिओ पुसायला गेलो, तर सगळ्यांसाठी पुसायची मुदत केव्हाच उलटली होती. त्यांनी तो पाहिलेला होता. दार उघडून ते मराठीत म्हणाले, "या ना, बसा." मुलाने माफी मागितली. मग मीही मागितली, व्हिडिओचीसुद्धा. ते खाली मान घालून ऐकत राहिले आणि म्हणाले, "लडका नीचे जाने से डरता है, भाईसाहब." त्यावर मला काही बोलता आलं नाही. त्यांचा मुलगा आतल्या खोलीच्या दाराशी उभा होता, बाहेर आला नाही. अजूनही तो खाली खेळायला येत नाही.

घरी आता कान धरत नाही. जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत असतो, आणि आज कुणाला त्रास झाला, कुणी दिला, हे बायको त्याला विचारते. कधी सांगतो, कधी नाही. पाढे मात्र अजून मीच घेतो. काल तो 'सतरा साते'वर अडला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. तरीही त्याचा खांदा कानापर्यंत वर गेला.