फाळाखालचे जीव

पाऊस लागण्याआधी मावळातल्या कामशेतच्या आसपासच्या खाचरांतून धूर निघू लागतो. राब भाजला जात असतो. रोपांच्या तुकड्यावर शेण, ऐनाच्या छाटलेल्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि पेटवायचे. तणाचे बी मरते, राख मिळते, जमीन भुसभुशीत होऊन रोपे उपटायला सोपी जातात. पिढ्यान्‌पिढ्या जमलेले हे गणित आहे. त्यात ऐनाच्या ओरबाडलेल्या झाडाचा रकाना तेवढा नाही.

हा रकाना महाभारताने कधीच उघडला होता. वनपर्वात मिथिलेत मांस विकणारा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सुनावतो, की शेतीला लोक चांगली म्हणतात, पण नांगराखाली कितीतरी जीव मरतात. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातही लोखंडी फाळाबद्दल हीच तक्रार आहे, आणि जैन श्रावकांना वर्ज्य अशा 15 कर्मादानांत जमीन फोडण्याचा धंदा मोडतो. अन्न पिकवणे निष्पाप असते, असे या जाणत्यांनी धरलेच नव्हते.

व्याधाचे बोलणे मात्र सोयीने अर्धेच सांगितले जाते. हिंसा कुणाला चुकत नाही, इथे लोक थांबतात. तो पुढे म्हणतो, की यत्न केला तर ती कमी होते. खरी अडचण या ‘कमी’ची आहे. ते मोजायचे कशाने?

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 साली ‘इंद्रायणी’ वाण दिला. आंबेमोहोर-157 आणि फिलिपाइन्सचा आयआर-8 यांचा तो संकर. आंबेमोहोर उंच वाढून लोळायचा, उतारा बेताचा. इंद्रायणीने वास थोडा सोडला आणि उत्पन्न वाढवले. तेवढ्याच खाचरात जास्त भात आला, तर डोंगरावर नवी जमीन फोडायची गरज घटते. हाही यत्नच, पण खताचा हात सैल सुटला नाही तर.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीने त्यावरही उपाय सुचवला. रोपांना भाताच्या तुसाची राख, शेतात गिरिपुष्पाचा पाला, नेमक्या अंतरावर लावणी आणि चार चुडांच्या मध्ये खोल खोचलेली युरिया-डीएपीची ब्रिकेट. खत मुळाशी राहते, पाण्याबरोबर वाहून जात नाही. तुसाच्या राखेने भागले, तर ऐनही वाचतो.

घाटाखाली नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा भात तंत्र’ रुजवले, त्यात तर नांगरच नाही. गादीवाफे कायमचे, चिखलणी नाही, लावणी नाही; कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. गांडुळे परततात. धर्मव्याध हरखला असता! पण तणाचे काय? ते मारायला ग्लायफोसेटसारखी तणनाशके वापरतात. फाळाची हिंसा डोळ्यांना दिसत होती. फवाऱ्याची दिसत नाही, म्हणून ती लहान ठरत नाही. तरीही दरवर्षी चिखलणीत वाहून जाणाऱ्या मातीपुढे हा सौदा सरस वाटतो, तणनाशकाचा डबा वर्षागणिक हलका होत असेल तरच.

मावळच्या जुन्या माणसांनी मोजमापाची वेगळी वाट काढली होती. अजिवलीसारख्या गावांनी देवराया राखल्या. देवराईतली वाळकी काटकीही देवाची, असा दंडक. राबासाठी रान तोडणारा हातच तिथे थांबे. शेताला अशी हद्द कुणी घातली नाही, आणि पाणी हद्द मानत नाही. कामशेतच्या खाचरांतून निथळणारे पाणी इंद्रायणी नदीला मिळते, आणि इंद्रायणी तिथून देहूला आणि मग आळंदीला जाते.