नदीचा बांध कोणीं कोरला?

२६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मिठी नदीच्या पुरांत तिच्या कांठचीं घरें बुडालीं. ‘हा ईश्वरी कोप’ असें म्हणणें सोपें आहे. पाऊस देवानें पाठविला खरा; परंतु पाणी सामावून घेणाऱ्या वांद्रे-कुर्ल्याच्या दलदलींत भराव घालून कचेऱ्या कोणीं उभारिल्या? नदीवरून विमानांची धावपट्टी कोणीं नेली? मनुष्यांनींच. शेजाऱ्याच्या शेताचा बांध कोरणें पाप होय, हें आपण खेड्यांतील लोक जाणतों. मग नदीचा बांध कोरणें पाप नव्हे काय? लाभ एकाचा होतो, आणि झोपडें बुडतें दुसऱ्याचें. यास्तव, प्रियजनहो, आपल्या ओढ्याकांठीं भराव घालण्यापूर्वीं खालच्या आळीची आठवण धरा. रक्षणासाठीं प्रार्थना करावी, आणि पाण्याची वाटही मोकळी ठेवावी.