तबकडीमागचे यंत्र

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. नोकरीनिमित्त परदेशी असतो. चकली मोडताना त्याने बाही मागे सारली आणि मनगटावरचे घड्याळ दिसले. काळी तबकडी, ठळक पांढरे आकडे, बाराच्या जागी एक त्रिकोण. काही लाखांची वस्तू, पण दागिना म्हणावे असे तिच्यात काही नव्हते. "वैमानिकांचे घड्याळ आहे, सर," तो म्हणाला. आणि मग जरा ओशाळून, "पण आतले मशीन त्यांचे स्वतःचे नाही."

तो गेला, त्याचा तो 'पण' मात्र आमच्याच घरी राहिला. शेवटी मी त्या घड्याळाची कुळकथा मिळवून वाचली.

स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाईनच्या काठी शाफहाउझेन नावाचे गाव आहे. १८६८ साली एका अमेरिकन घड्याळजीने तिथे इंटरनॅशनल वॉच कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाला घड्याळ हवे होते, ते वैमानिकापेक्षाही त्याच्या शेजारच्या दिशादर्शकासाठी. हा गृहस्थ रात्री ताऱ्याची उंची मोजून विमान कुठे आहे ते सांगायचा. पृथ्वी चार सेकंदांत एक कला फिरते. म्हणजे घड्याळ चार सेकंद चुकले की विषुववृत्तावर हिशेब एका सागरी मैलाने चुकला! खाली काळा समुद्र आणि टाकीत मोजके इंधन असताना तो मैल केवढा वाटत असेल, ते आपण घरात बसून सांगू नये.

म्हणून त्या घड्याळाची चावी ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबे आणि रेडिओच्या ठोक्याला पुन्हा सोडता येई. विमानातल्या उपकरणांच्या चुंबकत्वाची बाधा होऊ नये म्हणून यंत्राभोवती मऊ लोखंडाची डबी होती. यंत्राचा क्रमांक ८९. अल्बर्ट पेलाटन यांच्या देखरेखीखाली घडलेले, रोज चावी द्यायचे, तासाला १८,००० ठोके टाकणारे. घड्याळाचे नाव मार्क ११. १९४९ पासून १९८१ पर्यंत ते हवाई दलाच्या सेवेत होते.

आता गंमत ऐका. हेच मार्क ११ हवाई दलाने जेगर-लकूल्त्र या दुसऱ्या स्विस कारखान्याकडूनही करून घेतले होते. नाव तेच, काम तेच. पोटातले यंत्र निराळे. नाव मुळी हवाई दलाने दिलेले होते. आपल्या मनगटावर दोहोंपैकी कोणाचे हृदय धडधडते आहे, याची चौकशी करायला त्या दिशादर्शकाला सवड कुठली? त्याला चार सेकंदांशी मतलब.

पुढे दिशादर्शक गेले, त्यांचे काम उपकरणांनी घेतले, आणि घड्याळ बाजारात आले. १९९४ च्या मार्क १२ मध्ये आपोआप चावी बसणारे यंत्र आले, ते जेगर-लकूल्त्रच्याच घरचे! १९९९ च्या मार्क १५ पासून ईटीए या कारखान्याच्या यंत्रावर संस्कार करून ते बसवू लागले. हा कारखाना अनेक कंपन्यांना यंत्रे पुरवीत असे. २०१६ च्या मार्क १८ मध्ये सेलिटाच्या यंत्राचा पाया आला. माझ्या विद्यार्थ्याचे घड्याळ हेच. २०२२ च्या मार्क २० मध्ये कंपनी स्वतःचे म्हणते ते यंत्र आहे. एकदा पूर्ण चावी बसली की ते १२० तास चालते. तबकडी मात्र जवळपास तीच, काळी.

मिलिंद राजाला नागसेनाने विचारले होते की चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय? राजा नाही नाही म्हणत गेला. नागसेनाचे उत्तर मला पटते, पण त्याचा रथ विकाऊ नव्हता. शाळेतला माणूस मी. मला आमचा हजेरीपट आठवतो. आमच्या शाळेत माझ्या विद्यार्थीदशेतला एकही शिक्षक आज नाही, इमारतही नवी आहे, तरी शाळा तीच. दुसरीकडून चांगला मास्तर आला तर आम्ही त्याला पेढे देऊ. पण शिकवून जाईल एक आणि हजेरीपटावर सही दुसऱ्याची असेल, तर? बाहेरून आलेल्या यंत्राला कंपनी आपला क्रमांक देते, तेव्हा मला ती सही आठवते. अर्थात ही गोष्ट गुपित कधीच नव्हती. जाणकार उघड बोलत आले. माझ्या विद्यार्थ्यालाही ठाऊक होते. मग तो ओशाळला का?

मला वाटते, घड्याळाचे काम उरले नाही म्हणून. चार सेकंदांवर जीव टांगलेला असता तर यंत्र कोणाचे, हे त्याने विचारलेच नसते. वेळ तर हल्ली खिशातला फोन सांगतो. काम गेले की वस्तूजवळ कुळ तेवढे उरते, आणि मग कुळात जरासुद्धा बाहेरचे रक्त खपत नाही. हे घड्याळांपुरतेच खरे आहे असे नाही. पण सणासुदीला तो विषय नको.

एवढे शहाणपण लिहिल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या वडिलांचे घड्याळ मी यंदा मुलाला दिले. काही वर्षांपूर्वी ते बंद पडले होते. सुटे भाग मिळेनात, तेव्हा दुरुस्त करणाऱ्याने मला विचारूनच आतले मशीन बदलले. तबकडी, काटे, वरची चरे पडलेली काच वडिलांची. मुलाने पहिल्याच रात्री अंथरुणात ते कानाशी धरले आणि विचारले, "आजोबा हीच टिकटिक ऐकत असतील ना?"

मी हो म्हटले.

त्याला झोप लागली होती की नाही, कोण जाणे. मी बराच वेळ दिवा न लावता बसून होतो. हा अंक घरी येईल तेव्हा तो वाचेलच. बापाची पाने मुले आधी उघडतात.