थेरपिस्ट बदलण्याआधी

मुंबई-पुण्यात तिशीतल्या माणसांच्या गप्पांत हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: 'माझी स्टाइल अँक्शस, त्याची अव्हॉयडंट, म्हणून आमचं जमत नाही.' आणि पाठोपाठ विचारणा होते, 'अटॅचमेंटवर काम करणारा कुणी चांगला थेरपिस्ट माहीत आहे का?' अटॅचमेंट म्हणजे जवळच्या माणसाशी जडणारा बंध; त्यात धास्तावणारा तो अँक्शस, अंतर राखणारा तो अव्हॉयडंट. विचारणा खरी असते. विचारणाऱ्याने बरंच सोसलेलं असतं. मला अस्वस्थ करतं ते त्याला मिळणारं उत्तर: 'दोन-तीन जणांकडे जाऊन बघ. पहिल्या सेशनमध्ये वाइब जुळली नाही तर दुसरा शोध.' मानसिक आरोग्याविषयी लिहिणारे, बोलणारे, चांगल्या हेतूने मदत करणारे बहुतेक सगळे हेच सांगतात. इतर अनेक तक्रारींसाठी हा सल्ला ठीक असेल. पण ज्या दुखण्यासाठी माणूस अटॅचमेंटचा थेरपिस्ट शोधायला निघतो, ते दुखणं या सल्ल्याने वाढतं, असं माझं मत आहे.

'आमच्या वेळी एकत्र कुटुंबं होती, असले प्रश्नच नव्हते,' या म्हणण्याला उत्तर थोडक्यात देता येतं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अटॅचमेंटविषयीची आपली पहिली निरीक्षणं १९५४-५५ मध्ये युगांडात, कंपालाजवळच्या खेड्यांत केली. तिथेही मुलं अनेकांच्या हातांखाली वाढत होती आणि काही मुलं निर्धास्त, काही धास्तावलेली, हा फरक तिथेही दिसला. चॅटबॉटशी बोलून काम भागतं असं मानणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. चॅटबॉट कधी जातच नाही, आणि जो जात नाही त्याच्या परत येण्याला अर्थ नसतो. वाद घालायचा तो 'जुळतंय का बघा' म्हणणाऱ्यांशी, कारण त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे.

बरोबर ते असं की, उपचाराची पद्धत कोणतीही असो, थेरपिस्ट आणि त्याच्याकडे येणारा माणूस यांच्यातलं नातं कसं आहे, यावर बरंच काही अवलंबून असतं. संशोधक हे कित्येक वर्षं सांगत आले आहेत आणि माझी त्याला हरकत नाही. चूक पुढच्या पावलावर होते. नातं महत्त्वाचं म्हणजे पहिल्या भेटीत ते जाणवलंच पाहिजे, असा अर्थ परस्पर काढला जातो. अटॅचमेंटच्या सिद्धांताने ज्या गोष्टीबद्दल सर्वांत जास्त सावध केलं, तीच इथे कसोटी होऊन बसते.

हा सिद्धांत मांडणारे जॉन बोल्बी यांचं नाव आता मराठी वाचकाला अपरिचित नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधलं त्यांचं काम, जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला १९५१ चा अहवाल, १९६९ ते १९८० या काळात आलेले तीन खंड, हा सगळा इतिहास पुन्हा उगाळत नाही. पण एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये केलेल्या प्रयोगाकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण आजच्या साऱ्या 'स्टाइल'चा उगम तिथे आहे.

एक खोली, थोडी खेळणी, वर्षभराचं मूल आणि त्याची आई. एक अनोळखी बाई आत येते. आई बाहेर जाते, थोड्या वेळाने परतते. पुन्हा जाते, पुन्हा येते. तीन-तीन मिनिटांचे छोटे प्रसंग, सगळं मिळून वीसेक मिनिटं. आई गेल्यावर मूल किती रडतं, यावरून त्याचं वर्गीकरण होतं अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात निरीक्षकाची नजर असते ती आई दारातून परत आत येते त्या क्षणावर. एखादं मूल तिच्याकडे झेपावतं, कडेवर शांत होतं आणि जरा वेळाने खाली उतरून खेळायला लागतं. दुसरं कडेवर जातं, पण तिथेही लाथा झाडतं, हातात दिलेलं खेळणं भिरकावतं, त्याची समजूत पटत नाही. तिसरं मान वर करून बघतसुद्धा नाही; खेळण्यात गुंगल्यासारखं दाखवतं. तिघांचा फरक परतभेटीत उघड होतो. आणि या वीस मिनिटांना वजन आलं ते त्यांच्यामागच्या घरभेटींमुळे. २६ कुटुंबांकडे, मुलाच्या जन्मानंतरच्या पहिल्या वर्षभरात, प्रत्येकी सुमारे ७२ तास निरीक्षक जाऊन बसले होते. मूल रडल्यावर आई किती वेळाने उठते, कसं उचलते, हे त्यांनी टिपलं होतं. पुढे १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी हा विचार प्रौढांच्या प्रेमाला लावून पाहिला. त्यासाठी त्यांनी डेन्व्हरच्या एका दैनिकात प्रश्नावली छापली होती. सुरुवात म्हणून ते प्रामाणिक काम होतं. आज आपल्या मोबाइलवर उरली आहे ती फक्त प्रश्नावली. ते ७२ तास गेले आणि दारातून परत येणंही गेलं.

आता 'जुळतंय का बघा' हा सल्ला त्या मुलांसारख्याच मोठ्या माणसांना देऊन पाहा.

जो धास्तावलेला आहे, त्याचं पहिल्याच सेशनमध्ये जुळतं. 'आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला समजून घेतलं,' असं तो बाहेर येऊन सांगतो. चौथ्या आठवड्यात थेरपिस्ट त्याचा मेसेज रात्रभर बघत नाही आणि तो कोसळतो. ही जागाही आपली नव्हती, असं ठरवून तो पुढचं नाव शोधू लागतो. जो अंतर राखून जगायला शिकला आहे, त्याचं कुठेच जुळत नाही. थेरपिस्टने मध्येच घड्याळाकडे पाहिलं. फी जास्त आहे. ठाण्याहून बांद्र्याला जाणं परवडत नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो. मोठं शहर अशा माणसाला कारणांचा तुटवडा कधीच पडू देत नाही आणि त्यातलं एकही कारण खोटं नसतं, म्हणूनच ती फार धोक्याची. आणि जी मुलगी दरडावणाऱ्या घरात वाढली, तिला दरडावणाऱ्या थेरपिस्टसमोर बरं वाटतं, कारण तो सूर तिच्या ओळखीचा असतो. ज्या तराजूत खोट आहे म्हणून माणूस मदत मागायला आला, त्याच तराजूत त्याने थेरपिस्टला तोलावं, असं आपण त्याला सांगतो.

यावर येणारं उत्तर मला ठाऊक आहे: माणसाला स्वतःच्या जाणिवेवर विश्वास ठेवायला शिकवणं हाच तर उपचार, बदलण्याचं स्वातंत्र्य काढून घेतलं तर उरते ती थेरपिस्टची सत्ता. हा आक्षेप मी हलका मानत नाही. आपल्याकडे डॉक्टरला प्रश्न विचारणंसुद्धा आगाऊपणा समजतात. रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदाही झाला, तरी 'थेरपिस्ट' या पाटीवर प्रत्यक्षात अजून पुरेसा पहारा नाही. पाटीवरच्या 'अटॅचमेंट' या शब्दानेही काही सिद्ध होत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये २००० साली दत्तक गेलेल्या एका दहा वर्षांच्या मुलीचा, आईशी नातं जडावं म्हणून केलेल्या 'उपचारा'त, चादरीत गुंडाळून दाबल्यामुळे गुदमरून मृत्यू झाला. तेही अटॅचमेंटच्याच नावाखाली चाललं होतं. तेव्हा थेरपिस्ट अंगचटीला येत असेल, फीपलीकडे पैशाचे व्यवहार करत असेल, अपमान करत असेल, तुमची गोष्ट दुसरीकडे बोलत असेल, तर त्याच दिवशी तिथून निघावं, शक्य असेल तर तक्रारही करावी. यात मला किंचितही संदेह नाही.

पण निघून जाण्याचा हक्क असणं वेगळं आणि निघून जा असा सल्ला देणं वेगळं. स्वतःच्या जाणिवेवर विश्वास ठेवायचा, हे मान्य. पण कोणत्या जाणिवेवर? 'इथे मला इजा होते आहे' ही एक जाणीव. 'इथे मला नकोसं होतंय' ही दुसरी. पहिली ऐकून उठायचं असतं, दुसरी तिथेच बसून बोलायची असते. जुळण्याचा सल्ला देणारे या दोन्ही एकाच पारड्यात टाकतात. माणूस आयुष्यभर नोकऱ्या, मैत्री, संसार ज्या क्षणी सोडत आला, नेमका तोच क्षण त्या खोलीतही येतो. त्याच क्षणासाठी तर तो फी भरत असतो. आणि नेमका त्याच क्षणी आपण त्याला शाबासकी देऊन दुसऱ्या दाराकडे पाठवतो.

जुळणं आणि टिकणं यांत मला फरक करायचा आहे तो इथे. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि तान्ही मुलं यांचं मिनिटामिनिटाचं चित्रण तपासलं. चांगल्या जोड्यांतही सूर जुळलेला असतो तो जेमतेम तीस टक्के वेळ. बाकीचा वेळ चुकण्यात आणि चुकलेलं सावरण्यात जातो. मूल शिकतं ते हे सावरणं. थेरपीच्या बाबतीत जेरेमी साफ्रन आणि क्रिस्तोफर मुरन यांनी हीच गोष्ट अनेक वर्षं अभ्यासली: नातं ताणलं जातं, तुटायला येतं, आणि ते पुन्हा कसं सांधलं जातं. बोल्बींनी १९८८ च्या पुस्तकात थेरपिस्टला पायाची, आधारभूमीची जागा दिली ती याच अर्थाने. ज्याच्याशी कधी बिनसलंच नाही, तो थेरपिस्ट अटॅचमेंटचं काम करतो आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही.

माझ्या माहितीतली एक तरुणी डोंबिवलीला राहते. वन बीएचकेत आई-वडील आणि भाऊ, म्हणून ती सेशन सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भावाच्या गाडीत काचा वर करून, कानात इअरफोन घालून घेते. मे महिन्यात थेरपिस्ट बाई सुट्टीवर गेल्या. त्या परतल्यावर ही दोन आठवडे फिरकली नाही, फोन नाही, मेसेज नाही. बाईंनी तिची वेळ दुसऱ्या कुणाला दिली नाही आणि ओरडाही दिला नाही. एवढंच कळवलं की मंगळवारी सातला मी आहे, ती वेळ तुमचीच आहे. तिसऱ्या मंगळवारी ती बोलायला बसली आणि पहिली वीस मिनिटं फक्त ऑफिसमधलं सांगत राहिली. मग म्हणाली, 'तुम्ही मला सोडणार हे ठरलेलंच होतं, म्हणून मी आधी सोडलं.' बाई म्हणाल्या, 'सुट्टीची कल्पना मी फार उशिरा दिली. ते माझं चुकलं.' तिच्या घरात आजवर कुठल्याही मोठ्या माणसाने हे वाक्य उच्चारलं नव्हतं. वाइबच्या हिशेबाने हे नातं मे महिन्यातच संपायला हवं होतं.

शहरातली व्यवस्था मात्र टिकण्याच्या विरोधात उभी आहे आणि याबद्दल आपल्या चर्चेत कुणी बोलत नाही. ॲपवर थेरपिस्ट बदलायला एक बटण पुरतं. फीमध्ये सवलत देणाऱ्या केंद्रांत बरेचदा शिकाऊ समुपदेशक असतात आणि त्यांची मुदत संपली की माणूस पुन्हा पहिल्यापासून आपली कहाणी सांगायला बसतो. के.ई.एम., नायर, सायनसारख्या रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडी लाखमोलाचं काम करतात. पण तिथल्या गर्दीत आणि निवासी डॉक्टरांच्या फिरत्या नेमणुकांत दर आठवड्याला तोच चेहरा, तीच वेळ मिळणं अवघड. १४४१६ या क्रमांकावरची टेलिमानस हेल्पलाइन संकटाच्या रात्री आधार देते. तिचं काम निराळं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आय.पी.एच.सारख्या मराठीतून बोलणाऱ्या संस्था एवढ्या मोठ्या महानगरात किती असाव्यात, याचा विचार कुणी तरी करायला हवा. खाजगीत एका सेशनला दीड-दोन हजार आणि त्याहून जास्तही द्यावे लागतात. आठवड्याला एक धरलं तर महिन्याचे सात-आठ हजार होतात आणि नेहमीच्या आरोग्य विम्यात हा खर्च सहसा बसत नाही. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा मिळावा, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. पण अनेक विमे रुग्णालयात भरती झाल्यावरच कामी येतात, आणि मंगळवारी संध्याकाळी सातला कुणी भरती होत नसतं. परिणामी जे दोन वर्षं टिकायला हवं, ते पगारवाढीवर आणि बढतीच्या बदलीवर अवलंबून राहतं. 'स्टाइल'वर एवढी शाई खर्च करणाऱ्यांनी याबद्दल लिहिलं असतं तर अधिक लोकांचं भलं झालं असतं.

म्हणून शोधणाऱ्याला माझं सांगणं आहे. पहिल्या फोनवर शिक्षण आणि नोंदणी जरूर विचारा. त्यापुढे 'तुम्ही अटॅचमेंट-बेस्ड आहात का' हे विचारू नका. त्याला 'हो' म्हणायला काहीच लागत नाही. त्याऐवजी विचारा: दर आठवड्याला मला हाच वार, हीच वेळ मिळेल का? तुम्ही सुट्टीवर जाणार असाल तर किती दिवस आधी सांगता? मी रागावून यायचं बंद केलं तर तुम्ही काय करता? तुम्ही स्वतः कुणा ज्येष्ठाकडून सुपरव्हिजन घेता का? पुढच्या वर्षभरात हे शहर किंवा ही संस्था सोडण्याचा विचार आहे का? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही. तिसऱ्या प्रश्नाला जो थांबून, विचार करून उत्तर देतो, त्याच्याकडे जा. घराजवळचा मिळाला तर उत्तम. आई-वडिलांशी ज्या भाषेत भांडलात ती त्याला येत असेल तर आणखी उत्तम. इजा होत नसेल तर निदान तीन महिने तिथेच राहा, मन उठलं तरी. आणि तरीही सोडायचंच ठरलं, तर मेसेज टाकून सोडू नका. ठरलेल्या वेळी जा, समोर बसा आणि का सोडताय ते तोंडाने सांगा.