कच्ची वही

निपाणीतल्या एका जुन्या तंबाखू वखारीचे दिवाणजी रात्री झोपत नसत. हायवेवरून तवंदीच्या घाटाकडं निघालेले ट्रक गिअर बदलत, पावसानं ओल धरलेल्या भिंतींना तंबाखूचा उग्र दर्प सुटे, आणि दिवाणजी मिणमिणत्या बल्बखाली बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचत बसत. गुन्हेगार कोण ते आपल्याला निम्म्या पुस्तकातच कळतं, याचा त्यांना भारी अभिमान.

स्वतःचीही एक रहस्यकथा त्यांच्याजवळ होती. चहाच्या टपरीवर कुणी विषय काढायचा अवकाश. वखारीत तंबाखू चाळायला एक पोरगी यायची. तोंडाला फडकं बांधलं तरी डोळ्यांवरून ओळखू यायची. लग्नाचं ठरल्यातच जमा होतं. मग १९८१ साल उजाडलं. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या हाकेवर १४ मार्चला शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर येऊन बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली. “आणि त्याच रात्री,” दिवाणजी आवाज खाली आणत, “ती एका ट्रक ड्रायव्हरबरोबर गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.” ऐकणारे हळहळत. दिवाणजी बिनलग्नाचे राहिले होते, त्यामुळं शंका कोण घेणार?

एका श्रावणात, भर पावसात, एक चाळिशीची बाई दारात उभी राहिली. छत्री मिटत म्हणाली, “काका, वखारीचे दिवाणजी तुम्हीच न्हवं? इचलकरंजीहून आलेय.”

डोळे बघूनच दिवाणजींनी खुर्ची पुढं केली.

“आजोबांच्या घराला मामालोकांनी आईचं नाव लावलं नाही. एक्याऐंशी साली पळून गेली, ठावठिकाणा नाही, असं लिहून दिलंय. आई तर तेव्हापासनं इचलकरंजीतच आहे. मावशीकडं राहिली, मागावर कांड्या भरल्या. माझे बाबा तिला तिथं भेटले, दोन वर्षांनी.”

“ड्रायव्हर होते?”

“न्हाई. जॉबर होते मागावर.” तिनं जरा नवलानं बघितलं. “आई म्हणाली, त्यांच्याकडं हजेरीची वही असंल. ते काही टाकून देणाऱ्यातले न्हवंत.”

वही होती. वखार बंद पडली तेव्हा पक्क्या वह्या मालकाकडं गेल्या, कच्च्या दिवाणजींच्या ट्रंकेत आल्या. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, मधली पानं शाबूत होती. एप्रिलच्या पानावर तिच्या नावावर लाल रेघ. शेऱ्यात त्यांचंच टपोरं अक्षर: काम सोडले. पण त्याच ओळीत, रेघेच्या पुढच्या तीन रकान्यांत, आधी ‘ह’ लिहून मग खोडला होता. तीन दिवस. खोडताना निब इतका दाबला होता की मागच्या पानावर शाई उतरली होती.

पळून गेलेली बाई तीन दिवस हजर कशी?

झुंजारची इथं गरजच नव्हती. वखार पुन्हा उघडली त्या दिवशी मालकानं विचारलं होतं, रस्त्यावर भाकऱ्या घेऊन कोण कोण जात होतं? एक नाव तरी दे, नाहीतर तू घरी बस. दिवाणजींनी नाव दिलं. जे पहिलं तोंडात आलं ते. ती तीन दिवस फाटकाशी उभी राहिली; सवयीनं हात ‘ह’ लिहून जाई आणि मग खोडावं लागे. चौथ्या दिवशी बायकांनी विचारलं, ती कुठं गेली? तेव्हा रस्त्यावरून जाणारा पहिलाच ट्रक त्यांच्या कामी आला. पुढं सांगून सांगून ती रात्र, तो ट्रक, ती न वळलेली मान, सगळं त्यांना आठवायलाच लागलं.

त्यांनी वही तिच्यापुढं उघडी ठेवली आणि काही न गाळता सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. “हे लिहून द्याल?” एवढंच विचारलं.

प्रतिज्ञापत्र कन्नडमध्ये टाईप झालं. दिवाणजींचा जन्म इथलाच, पण शाळा मराठी. कन्नड बोलण्यापुरतं येई, वाचता येत नसे. असा कागद सही करणाऱ्याला वाचून दाखवावा लागतो. वकिलाच्या कारकुनानं बाकड्यावर बसलेल्या चार पक्षकारांदेखत तो खणखणीत मराठीत वाचला. ‘मी खोटे सांगितले’ हे वाक्य दोनदा होतं. दिवाणजींनी दोन्ही वेळा मान हलवली आणि सही केली.

“आईला एकदा भेटायला येऊ?” त्यांनी जिन्यात विचारलं.

“तिला विचारते,” ती म्हणाली. निरोप काही आला नाही.

घराला नाव मात्र लागलं. टपरीवर दिवाणजींनी आता खरी गोष्ट सांगायला घेतली. पहिल्या दिवशी तिघांनी ऐकली. एकानं चहा संपवला, कप ठेवला आणि विचारलं, “ते असू दे हो. पण मग तो ड्रायव्हर कुठला होता?”

दिवाणजी अजून रोज सांगतात. गावात चालते ती जुनीच गोष्ट.