गाठ त्याची त्याला मारू द्या



सकाळची वेळ. शाळेची रिक्षा दारात उभी आहे आणि आपले सहा वर्षांचे लेकरू बुटाच्या लेसशी झटापट करीत आहे. आपण काय करतो? "सोड, तुला नाही जमायचं," म्हणत खाली वाकतो आणि क्षणात गाठ मारून मोकळे होतो. रिक्षा चुकत नाही; पण 'मला जमत नाही' ही दुसरी गाठ लेकराच्या मनात बसते. ती सोडवायला पुढे वर्षे लागतात.

लेस बांधणे लहानग्या बोटांना सोपे नाही. बहुतेक मुलांना ते पाच ते सात वर्षांच्या दरम्यान जमू लागते. म्हणून शिकवण्यासाठी रविवारची निवांत दुपार निवडू या. समोर बसलो तर मुलाला सारे उलटे दिसते, म्हणून शेजारी बसू या. दोन रंगांच्या लेस घेतल्या तर कोणती कुठून गेली ते कळते. पहिली अढी घालून सशाच्या कानांसारखे दोन फास करावेत, ते एकमेकांत अडकवावेत आणि शेवटची ओढ मुलाला देऊ द्यावी. ते जमले की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे सोपवावी. अशाने काम दर वेळी त्याच्याच हातून पूर्ण होते. गाठ बुटावर आडवी बसली तर टिकते. ती उभी बसली तर दुसरी अढी पहिलीच्या उलट दिशेने घालायला शिकवावे.

होशेय संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायात परमेश्वर आपल्या लोकांना हाताला धरून चालायला शिकवणाऱ्या पित्यासारखा बोलतो. तो त्यांच्याकडे वाकतो. पण वाकणारा हा पिता मुलाच्या वाटचे स्वतः चालत नाही. पावले मुलालाच टाकावी लागतात. प्रभू येशूही शिष्यांच्या पायांशी वाकला, त्यांचे पाय धुतले आणि मग 'तुम्हीही असेच करा' असे सांगून त्यांच्यावर विश्वास टाकला.

आपण मुलांच्या श्रद्धेचेही असेच करतो का? रोझरीच्या वेळी मूल अडखळले की आपणच घाईघाईने प्रार्थना संपवतो. क्षमा मागायची पाळी आली की 'सॉरी'देखील आपणच म्हणतो. मग मोठेपणी ही गाठ सुटली, तर ती पुन्हा बांधायची कशी हे त्यांना कुणी शिकवलेले असेल?

या आठवड्यात दररोज सकाळी पाच मिनिटे लवकर उठू या. आजी-आजोबांनो, तुमच्याकडे वेळ आहे आणि धीरही. नातवंडांच्या शेजारी तुम्ही बसा. गाठ वाकडी झाली, पुन्हा सुटली, तरी हसू नका, ओरडू नका. आपल्या कितीतरी सुटलेल्या गाठींपाशी देव असाच थांबला आहे.

हे प्रभो, आमच्या मुलांच्या शेजारी बसण्याचा धीर आम्हाला दे. आमेन.